राघूकड्याखालचं गाव

सांजवड हे गाव राघूकड्याच्या पायथ्याशी आहे. कडा उंच, काळा आणि उभा आहे. त्याच्या अंगावर वरपासून मध्यापर्यंत शेकडो भोकं दिसतात. त्या भोकांत पोपट राहतात. गळ्याभोवती काळी-गुलाबी कड असलेले, लाल चोचीचे, आपण ज्यांना राघू म्हणतो तेच. सकाळी ते कड्यातून बाहेर पडतात तेव्हा खडकालाच पालवी फुटून ती उडून गेल्यासारखं वाटतं. हे बघायला हल्ली बाहेरगावची माणसं येतात, गाड्या शाळेजवळ लावतात आणि दुर्बिणी गळ्यात अडकवून वर बघत उभी राहतात.

पण या गावाची खरी ओळख कडा नव्हे. सांजवडमध्ये कोणी कोणाला हाक मारत नाही. घरातून अंगणात नाही, अंगणातून रस्त्यावर नाही, बांधावरून शेजारच्या बांधावर नाही. ज्याला बोलवायचं त्याच्यापर्यंत चालत जायचं, त्याच्या दंडाला हात लावायचा आणि हळू सांगायचं. शेतात माणूस लांब असेल तरी हातातलं काम टाकून तिथवर जायचं. आग लागली, कोणी विहिरीत पडलं, तर थाळी बडवतात, पण नाव घेऊन ओरडत नाहीत. गुरांनाही कोणी 'ये, ये' करत नाही.

मागच्या हिवाळ्यात असाच एक घोळका आला होता. त्यातल्या एका बाईंनी कड्याकडे बघत बघत पुढे गेलेल्या नवऱ्याला मोठ्याने बोलावलं, "अहो, इकडे या ना!" त्यासरशी हौदावर भांडी घासणाऱ्या बायकांचे हात थांबले. त्यांतली एक म्हातारी उठली, ओले हात पदराला पुसत त्या गृहस्थांपाशी चालत गेली, त्यांच्या कोपराला बोट लावून म्हणाली, "तुमच्या मालकीणबाई बोलवत्यात." गृहस्थ गोंधळले. म्हणाले, "ऐकलं मी." म्हातारी म्हणाली, "ऐकलं असंल. पण खरं का खोटं, त्ये कसं कळलं तुम्हाला?"

मग त्या मंडळींना चावडीच्या कट्ट्यावर बसवून गावातल्या म्हाताऱ्या गेनबा तात्यांनी जे सांगितलं, ते असं.

*

ही गोष्ट घाटातून बैलांचे तांडे चालत, त्या काळातली. खाली पेठेत सुभेदाराची कचेरी होती आणि वर सांजवडमध्ये वीस-पंचवीस घरं. सगळी ज्वारी पिकवणारी. जमीन बरी होती, पाणी बेताचं होतं आणि पोपट मात्र फार होते. कणसात दूध भरलं की थवेच्या थवे उतरत. पोपट खातो थोडं आणि नासतो फार. एक कणीस अर्धं कुरतडतो, टाकतो आणि दुसऱ्यावर बसतो. म्हणून महिनाभर घरटी एक माणूस शेतातल्या माळ्यावर चढून गोफण फिरवत असे. दिवसभर 'हो हो' करून सगळ्यांचे घसे बसत.

या गावात भिवरा नावाची बाई होती. तिचं लग्न घाटापलीकडच्या बोरखळ गावात झालं होतं, पण नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेला. पोटी मूल नव्हतं. सासूने तिला ठेवून घ्यायचं म्हटलं होतं, पण धाकटा भाऊ सिदू स्वतः जाऊन तिला घेऊन आला. "आक्का, माझं घर हाय तवर तू परक्या दारात का ऱ्हावंस?" असं तो म्हणाला होता, आणि त्यात खोट नव्हती. सिदूला तिनेच कडेवर खेळवून मोठं केलं होतं. त्यांची आई लवकर गेलेली. संध्याकाळी दारात उभं राहून 'सिदूऽ' म्हणून तिने हाक मारली, की कुठे का असेना, पोर पळत येत असे.

सिदूचं शेत कड्याला सगळ्यांत जवळ. साहजिकच पोपटांचा पहिला मारा त्याच्यावर. भिवरा आली त्या सुगीत सिदूने तिला माळ्यावर बसवलं आणि गोफण कशी फिरवायची ते दाखवायला स्वतः पहिला दगड सोडला. दगड एका राघूच्या पंखाला लागला. तो सरीत पडला आणि चोच वासून ओरडायला लागला. भिवरा माळ्यावरून उतरली, त्याला पदरात घेऊन घरी गेली. पंख सांधला, पण वाकडाच. राघू पुन्हा उडाला नाही. तो घरातच राहिला, खुंटीवर, आढ्यावर, भिवराच्या खांद्यावर. पिंजरा त्या घरात कधीच नव्हता. तो सगळ्यांवर हुकूम सोडल्यासारखा ओरडे, म्हणून सिदूच्या बायकोने, हौसाने, त्याचं नाव कारभारी ठेवलं. हौसाची जीभ तिखट होती.

"वन्सं, तुमचं कारभारी रागावलं बघा. भाकरी वाढा आधी."

"तुझ्या कारभाऱ्यापरीस बरा हाय," भिवरा म्हणे. "निदान मी उठले की उठतो तरी."

त्यावर सिदू ओसरीवरून खोटं खोटं खाकरे, आणि दोघी हसत.

भिवराने त्यानंतर गोफणीला हात लावला नाही. पण शेत तर राखायला हवं. ती बघत बसली. चार-आठ दिवसांत तिच्या लक्षात आलं, की थवा भल्या सकाळी एकदा पोटभर खातो आणि उरलेला दिवस नुसता नासधूस करतो. मग तिने पाटीभर कणसं कापली, कड्याच्या पायथ्याशी एक रुंद सपाट खडक आहे त्यावर नेऊन पसरली, आणि कारभाऱ्याला खांद्यावर घेऊन हाक दिली, 'येऽ राघो, येऽ!' गाव हसलं. पहिले तीन दिवस कोणी आलं नाही. चौथ्या दिवशी दोन आले. पंधराव्या दिवशी, सांगतात, खडक दिसेना इतके आले.

तिचा नेम कधी चुकला नाही. हाक दिली आणि खडकावर दाणा नाही, असं एकदाही झालं नाही. हाक दिली आणि कोणी दगड मारला, असंही झालं नाही. ती जणू पाखरांना दिलेली जबान होती. खडकावर खाऊन थवा घाटाकडे निघून जाई आणि उभ्या पिकाकडे वळत नसे. दुसऱ्या सुगीपासून प्रत्येक घराने एकेक पाटी द्यायची असं ठरलं. गोफणी कमरेला गुंडाळलेल्याच राहिल्या. 'भिवराची हाक' म्हणून आसपासच्या गावांत नाव झालं. अशा सहा सुग्या गेल्या.

*

त्या सुमाराला पेठेत पोपटांचं खूळ आलं. सुभेदाराच्या सुनेने कुठूनसा एक बोलका राघू आणवला. तो आल्यागेल्याला 'या, बसा, पाणी घ्या' म्हणत असे. बघायला गर्दी लोटे. मग कारकुनाकडे आला, वैद्याकडे आला, सराफाकडे दोन आले. ज्याच्या ओसरीला पिंजरा नाही त्याच्या घरी सोयरीक करताना माणसं विचार करू लागली म्हणे. पेठेतल्या वडा-पिंपळांच्या ढोल्या रिकाम्या झाल्या. पिल्लं पिसं फुटण्याआधीच काढली जात, आणि दहांतलं एखादं जगे.

दौलू नावाचा एक बुरूड टोपल्या विणणं सोडून पिंजरे विणायला लागला होता. पिंजरे झाले, पण पाखरं संपली. तो शोध घेत घेत सांजवडला आला. त्याच्याबरोबर दोन जाळेवाले आणि पाच गाढवं होती. आठ दिवस त्यांनी कड्याखाली जाळी पसरून बघितली. दाणे टाकले, शिट्या घातल्या. एक पाखरू खाली बसलं नाही. कड्यावर चढायची तर कोणाची छाती नव्हती.

नवव्या दिवशी दौलू सिदूच्या ओसरीवर येऊन बसला. नेमकी त्याच सकाळी भिवराला ताप होता. ती उठली नाही. उशीर झाला तसा कारभारी वाकड्या पंखाने, चोचीने कुडाला धरत धरत छपरावर गेला आणि आढ्याच्या टोकावर बसून त्याने हाक दिली, 'येऽ राघो, येऽ!' आवाज हुबेहूब भिवराचा. तीच ओढ, तोच शेवटचा हेल. क्षणात थवा उतरला आणि छप्पर हिरवं झालं.

हौसा परातीत पीठ तसंच सोडून अंगणात आली आणि हसायला लागली. "अगं बाई! वन्सं आजारी, तर कारभाऱ्यानं कारभार हाती घेतला!"

दौलू मात्र हसला नाही. त्याने सिदूकडे बघितलं, आणि सिदूने खाली बघितलं.

त्या दिवशी दौलू काय बोलला ते नेमकं कोणाला ठाऊक नाही. पण चैत्रातल्या यात्रेत सुभेदाराच्या हातून पागोटं, पालखीला पहिला खांदा आणि सांजवडची पाटीलकी, एवढं त्याने सिदूपुढे ठेवलं असं सांगतात. सांजवडला तोवर पाटील नव्हता, खालच्या गावचा पाटीलच वरच्यावर बघत असे आणि सांजवडच्या माणसांना चावडीत जोड्यांपाशी बसवत असे. सिदूच्या बापाला त्याने एकदा भर सभेत उठवलं होतं. ते सिदूच्या मनात होतं.

भिवराचा ताप उतरल्यावर सिदूने आधी सरळच विचारलं, हेही खरं. ती ज्वारी निवडत होती.

"आक्का, शंभरभर राघू गेले तर कडा ओस पडंल का?"

"कुठं जायचेत?"

"पेठंत. बरी घरं हायेत. पेरू, डाळिंब खात्यात तिथली. आपल्यापरीस बरं खात्यात."

"मग तू जा की. बस पिंजऱ्यात."

"थट्टा न्हवं आक्का. गावाचं भलं हाय. तू निस्ती हाक दे. बाकी त्ये बघत्यात."

भिवराने सूप खाली ठेवलं. "सिदू, ती येत्यात त्ये दाण्याला न्हवं. दाणा सगळ्या रानात हाय. हाकेला येत्यात. ती हाक मी खोटी करायची? आन् उद्या सकाळी कोणत्या तोंडानं उभी ऱ्हाऊ?"

सिदू हसला. "बरं बाई. ऱ्हायलं." तो तिच्या सुपातले चार दाणे तोंडात टाकून बाहेर गेला. भिवराच्या मनात काही उरलं नाही. भाऊ काहीतरी मागतो, आपण नाही म्हणतो, तो हसून जातो, असं लहानपणापासून शंभरदा झालं होतं.

*

तीन दिवसांनी सिदू धावत आला. बोरखळचा एक माणूस घाटात भेटला, म्हणाला. भिवराची सासू शेवटच्या घटका मोजते आहे, सारखं तिचंच नाव घेते आहे, 'माझ्या भिवरीला बोलवा' म्हणते आहे.

भिवरा हातातली भाकरी तव्यावर टाकून उठली. ती म्हातारी तिला कधी टोचून बोलली नव्हती, आणि नवऱ्यामागे तिच्याइतकं रडणारं दुसरं कोणी नव्हतं. कारभाऱ्याला तिने हौसाच्या खांद्यावर ठेवलं. "सकाळची पाटी तेवढी खडकावर ठेव. मी येस्तवर हा हाक देईल." हौसाने मान वळवली. भिवराला वाटलं, ही म्हातारीच्या आजारपणाने हळवी झाली.

वाट अर्ध्या दिवसाची. भिवरा घाट धावतच उतरली. बोरखळला पोचली तेव्हा ऊन कललं होतं. सासू दारात बसून वाल सोलत होती.

"अगं, तू? आन् अशी धापा टाकत?"

"आत्याबाई... तुम्ही... निरोप आला..."

"कसला निरोप?"

भिवराने सांगितलं. म्हातारी आधी हसली. "मला सरणावर ठेवूनच निघालीस म्हण की! मेला कोण तो, नाव तरी सांग. वालाच्या शेंगा घालते त्याच्या तोंडात." मग सुनेचा चेहरा बघून तिचं हसणं थांबलं. "तुला निरोप कुणी दिला?"

"सिदूनं."

त्यानंतर दोघी बराच वेळ वाल सोलत राहिल्या. म्हातारीने तिला अंधारात घाट चढू दिला नाही. तांबडं फुटायच्या आत भिवरा निघाली.

खिंडीत पोचली तेव्हा सूर्य वर आला होता. तिथून सांजवडचा खडक दिसत नाही, पण आवाज येतो. आणि तिला ऐकू आलं, 'येऽ राघो, येऽ!'

तिचाच आवाज. ती खिंडीत, आणि तिचा आवाज खाली. कारभारी हाक देतो हे तिला ठाऊक होतं, पण तो एकदोनदा देऊन थांबे. आज तो थांबत नव्हता. खायला बसलेल्यांना पुन्हा पुन्हा कोणी का बोलावील?

ती खडकापाशी आली. सगळं गाव तिथे होतं. प्रत्येकाच्या हातात पाटी होती, नेहमीसारखीच. गाढवांच्या पाठीवर पिंजरे लादले होते, एकावर एक, आणि आत हिरवं हलत होतं. दोनदा जाळं ओढून झालं होतं. खडकावर पुन्हा दाणा पसरला होता, त्याखाली जाळं, आणि मधोमध वेताच्या लहान पिंजऱ्यात कारभारी. वर थवा घिरट्या घेत होता. पाखरं बिचकली होती. दोनदा काहीतरी विपरीत झालंय हे त्यांना कळलं होतं. पण आवाज ओळखीचा होता. तो आवाज सहा सुग्यांत कधी खोटा पडला नव्हता.

भिवराने गावाकडे बघितलं. कोणी पाटीत बघत होतं, कोणी कड्याकडे. हौसा पदर तोंडावर धरून उभी होती. कोणीतरी आज नाही तर काल, काल नाही तर परवा, तिला सांगू शकलं असतं. वीस-पंचवीस घरांतल्या एकानेही सांगितलं नव्हतं.

ती पुढे धावली आणि वर बघून जीव खाऊन ओरडली, "जा! जाऽ! उडा! जाऽ!"

आणि थवा खाली आला.

सांगणारे इथे नेहमी थोडं थांबतात. पाखरांना 'ये' आणि 'जा' कळत नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं, की हा तिचा आवाज आहे. पिंजऱ्यातून येत होता तेव्हा पाखरं बिचकत होती. आता तो तिच्या तोंडातून आला, आणि सगळी शंका फिटली. ती जितकी ओरडली तितकी पाखरं जवळ आली, खडकावर उतरली, तिच्या पायांपाशी दाणे टिपू लागली. जाळेवाल्याने दोरी ओढली. आणखी पन्नास-साठ त्यात गेली. उरलेली फडफडत उठली, पण लांब गेली नाहीत. तिच्याच डोक्यावर फिरत राहिली.

तेव्हा ती गप्प झाली. सिदू शेजारीच उभा होता. तिने त्याच्या कमरेची गोफण ओढून काढली. सहा वर्षांत जिला शिवली नव्हती ती गोफण. खडकाखालचा दगड उचलला, गोफण फिरवली आणि तो थव्यात सोडला. मग दुसरा, मग तिसरा. तिला नेम येत नव्हता, पण थवा दाट होता. एक मोठी मादी तिच्यापुढे येऊन पडली. तिच्या मागोमाग दुसरं एक पाखरू. असे किती दगड सोडले त्याची गणती कोणी ठेवली नाही. एकेक करून पाखरांना उमगलं, की मारते आहे ती हीच. त्यांनी असा कल्लोळ केला, की घाटातले बैल उधळले म्हणे. आणि मग सगळा थवा वर उठला, कडा ओलांडून गेला आणि दिसेनासा झाला.

पिंजऱ्यातून कारभारी अजून हाका देतच होता.

दौलूने दोर आवळले. जेवढी मिळाली तेवढी खूप होती. जाळेवाल्याने कारभाऱ्याचा पिंजरा उचलला, तेव्हा भिवरा आडवी आली. सिदूने तिचा दंड धरला. "जाऊ दे आक्का. दिलाय मी त्यो दौलूला."

भिवराने त्याच्याकडे बघितलं. "कुणाचा व्हता, सिदू?"

हे तिचे शेवटचे शब्द, असं सांगतात. त्यानंतर ती एकवीस वर्षं जगली.

*

पहिले काही महिने सिदू म्हणत असे, "बोलंल. रुसलीय. किती दिवस न बोलंल?" तो चिडे, विनवण्या करी, मुद्दाम उलटसुलट कामं सांगे. भिवरा घर सोडून गेली नाही. दळत होती, भाकऱ्या भाजत होती, हौसाचं बाळंतपणही तिनेच केलं. पण कोणाला जेवायला बोलवायचं झालं, की ती चुलीपुढून उठे, गोठ्यात, शेतात, जिथे माणूस असेल तिथे चालत जाई, त्याच्या दंडाला हात लावी आणि परत फिरे. सिदूसाठीसुद्धा. तो बांधावर असे आणि पाठीमागून हात लागे. वळून बघेपर्यंत ती घराकडे निघालेली असे.

चैत्रात यात्रा आली. सिदू नवं धोतर नेसून पागोटं घ्यायला पेठेत गेला. पेठ नुकती जागी होत होती. अंगणात सडे पडत होते. पहिल्या ओसरीवर पिंजरा होता, त्यातल्या राघूला मालक शिकवत होता, 'राम राम म्हण, राम राम.' राघूने मान वाकडी केली आणि म्हटलं, 'येऽ राघो, येऽ!'

सिदू जागच्या जागी उभा राहिला. त्याच्या बहिणीचा आवाज. जो त्याने पाच महिने ऐकला नव्हता.

मालक कौतुकाने म्हणाला, "काही केल्या राम राम म्हणत नाही. एवढंच म्हणतो. पण गोड म्हणतो, नाही?"

सिदू पुढे गेला. दुसऱ्या ओसरीवरून तोच आवाज. वैद्याच्या दारात तोच. सराफाच्या माडीवरून दोन पिंजरे एकदम बोलले. त्या पाखरांनी अंड्यातून बाहेर आल्यापासून सकाळी एकाच माणसाचा आवाज ऐकला होता. त्यांना दुसरं काही म्हणायचंच नव्हतं. कुठे कोणी हसत होतं, कुठे आई लेकराला उचलून दाखवत होती. पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पन्नास घरांतून, भिवरा हाक मारत होती आणि ती कोणालाच मारत नव्हती.

कचेरीच्या दाराशी चोपदाराने विचारलं, "सांजवडचे सिदोजी तुम्हीच ना? चला, आत नाव घेतायत." सिदू म्हणे तिथूनच माघारी वळला. पागोटं दुसऱ्या कोणाला तरी मिळालं. सांजवडला पाटील त्यानंतरही तीन पिढ्या नव्हता.

तो घरी आला तेव्हा भिवरा अंगण झाडत होती. तो तिच्यापुढे खाली बसला. आपण काय ऐकलं ते सगळं त्याने सांगितलं. मग म्हणाला, "आक्का, एकदा. मला न्हाई म्हण, शिव्या घाल, निस्तं नाव घे. तुझ्या तोंडून एकदा हाक मार. न्हाईतर माझ्या कानात आता त्येच ऱ्हाईल."

भिवरा केरसुणी धरून उभी होती. तिचे ओठ हलले असं हौसाने पुढे सुनांना सांगितलं. सिदूने मान वर केली. पण आवाज आला नाही. ती आत गेली, त्याचं ताट वाढलं, बाहेर आली, त्याच्या दंडाला हात लावला आणि पुन्हा आत गेली.

सिदू जेवायला उठला. त्या दिवसापासून त्याने कोणाला हाक मारली नाही, पोटच्या पोरांनाही नाही. आधी हौसाने ते उचललं, मग शेजाऱ्यांनी. भिवरा रस्त्याने जात असताना कोणी मोठ्याने कोणाचं नाव घेतलं, की ती थांबे आणि ज्याला बोलावलं तो पोचेपर्यंत बघत राही. तिच्या त्या नजरेपुढे हाक मारायची हिंमत हळूहळू कोणालाच उरली नाही. भिवरा गेली तेव्हा सिदू तिच्या उशाशी होता. इतर गावांत मेलेल्या माणसाला नाव घेऊन आळवतात. सिदूने तिचा दंड धरला आणि तसाच बसून राहिला. तिची बोटं गार पडली तरी त्याचा हात सुटेना, तो हौसाने सोडवला.

राघू पुढल्या वर्षी कड्यात परत आले. त्यांना तरी दुसरं कुठे घर होतं?

*

आजही सांजवडमध्ये एकाही ओसरीला पिंजरा नाही. आजही कणसात दूध भरलं, की प्रत्येक घरातून एक पाटी खडकावर जाते. माणसं सकाळी न बोलता येतात, कणसं पसरतात, न बोलता परत जातात. राघू वरून बघतात. एकही खाली उतरत नाही. ते उभ्या पिकावर पडतात, नासायचं तेवढं नासतात, आणि गाव त्यांना दगड मारत नाही. खडकावरची कणसं वाळतात. खारी येतात, मुंग्या येतात, उरलेलं वारा नेतो.

त्या दिवशी घोळक्यातल्या कोणीतरी गेनबा तात्यांना विचारलं, की इतकी वर्षं एक पाखरू उतरलं नाही, तर पाट्या ठेवता कशाला?

तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ती यावीत म्हणून न्हाई ठेवत," ते म्हणाले. "त्यांनी येऊच न्हाई. पण आमच्या गावानं त्यांना जेवायला बोलावलं व्हतं."